सवलतीचे भाडे

इंडिगोला ठोठावलेल्या २२ कोटी २० लाखांच्या दंडाचा हिशेब एकदा नीट मांडून पाहावा. त्यातले १ कोटी ८० लाख नियमभंगापोटी. उरलेले २० कोटी ४० लाख हे ५ डिसेंबर २०२५ ते १० फेब्रुवारी २०२६ या ६८ दिवसांचे, दिवसाला ३० लाख या दराने. हे ६८ दिवस कोणते? रात्रपाळीच्या नव्या नियमांतून ज्या काळापुरती खुद्द नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानेच या कंपनीला सूट दिली, तेच. आधी सूट द्यायची आणि मग तिचे रोजचे ३० लाख घ्यायचे. दंडाच्या नावाखाली हे सवलतीचे भाडेच झाले. तेही स्वस्तातले. २०२४-२५ या आर्थिक वर्षात ७,२५८ कोटींचा नफा मिळवणाऱ्या कंपनीची ही साधारण एका दिवसाची कमाई.

२०२५ च्या डिसेंबरात तीन दिवसांत इंडिगोची २,५०७ उड्डाणे रद्द झाली, तीन लाखांवर प्रवासी विमानतळांवर अडकले. चौकशीत नियोजनाच्या आणि सॉफ्टवेअरच्या त्रुटी निघाल्या म्हणे. साध्या मराठीत सांगायचे तर कंपनीने पुरेसे वैमानिक ठेवले नव्हते, कारण वैमानिक ठेवायला पैसे पडतात. आठवड्याची विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर गेली, रात्रीची लँडिंग सहावरून दोनवर आली, की त्याच वेळापत्रकाला जास्त माणसे लागतात. माणसे जास्त लागली की त्यांचा भाव वाढतो. नियम जाहीर झाले जानेवारी २०२४ मध्ये. कंपन्यांनी कुरकुर केली, ते लांबले, वैमानिकांच्या संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या, तेव्हा कुठे २०२५ च्या जुलैत आणि नोव्हेंबरात दोन टप्प्यांत ते लागू झाले. जवळपास दोन वर्षे हाताशी असूनही भरती झाली नाही, कारण वेळ आली की नियमच वाकेल याची खात्री होती. तो वाकलाही. हा चटका बसल्यावर मात्र जानेवारी २०२६ पासून वैमानिकांचे भत्ते वाढले! नियम कडक असेल तर पगार वाढतो, सैल झाला तर मालकाचे पैसे वाचतात. सुरक्षेच्या नियमातली प्रत्येक ढील म्हणजे कंपनीच्या पगारखर्चाला सरकारने दिलेले अनुदान आहे.

अमेरिकेने हे उलट्या बाजूने पाहिले. २००९ मध्ये बफेलोजवळ कोलगन एअरचे विमान कोसळून ५० जण गेले. छोट्या कंपन्यांतले सहवैमानिक किती तुटपुंज्या पगारावर, किती थकून उडतात हे त्या चौकशीत चव्हाट्यावर आले. मग कायदा झाला आणि २०१३ पासून सहवैमानिकालाही साधारण १,५०० तासांच्या उड्डाणानुभवाची अट आली. त्या अपघातातल्या दोघांकडेही तेवढे तास होते, हा आक्षेप खरा आहे. पण परिणाम पाहा. सोपी वाट बंद झाली, वैमानिक दुर्मीळ झाले आणि २०२२ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सच्या एन्व्हॉयसारख्या उपकंपन्यांना नव्या सहवैमानिकाला तासाला ९० डॉलर मोजावे लागले. कोणा मालकाचे मन द्रवले म्हणून हे झाले नाही.

आपल्याकडे २०० तासांवर व्यावसायिक परवाना मिळतो. ते २०० तास कसे मिळतात, ते तर विचारूच नये. महासंचालनालयाने २०२५ च्या ऑक्टोबरात उड्डाण प्रशिक्षण संस्थांची पहिली प्रतवारी केली. ३५ संस्थांपैकी ‘ए प्लस’ किंवा ‘ए’ दर्जा एकीलाही नाही. २२ संस्था थेट ‘सी’मध्ये. बारामतीत २०२३ च्या ऑक्टोबरात चार दिवसांत एकाच संस्थेची दोन प्रशिक्षण विमाने कोसळली, तेव्हा कुठे तिच्यावर बंदी आली. त्याआधी २०११ मध्ये गोव्यात विमान पुढच्या चाकावर उतरवल्याच्या चौकशीतून बनावट गुणपत्रिकांवर मिळवलेल्या परवान्यांचे प्रकरण बाहेर आले होते. त्यानंतर चौदा वर्षांनी आपण ‘सी’पर्यंत पोहोचलो!

आणि या ‘सी’ दर्जाचे पैसे भरतो कोण? विमान कंपनी नव्हे, मुलाचे आईबाप. परवाना, मग ठरावीक विमान उडवण्यासाठीचे टाइप रेटिंग, सगळे धरून खर्च कोटीच्या घरात जातो. घर गहाण पडते, शेत विकले जाते. एवढे कर्ज डोक्यावर घेऊन कॉकपिटमध्ये बसलेला पंचविशीतला सहवैमानिक ‘मी थकलोय, आज उडणार नाही’ असे रोस्टर लावणाऱ्याला कसा सांगेल? प्रशिक्षणाचा खर्च कंपनीने उचलायचा असता तर शाळा कशी आहे हे तिनेच डोळ्यांत तेल घालून पाहिले असते. आज तो खर्च उमेदवाराचा, जोखीम प्रवाशाची आणि वेतनात घासाघीस करण्याचा हक्क तेवढा कंपनीचा.

बरे, चार वर्षे उडून कर्ज फेडले आणि चांगल्या पगाराची नोकरी चालून आली, तरी उठून जायची सोय नाही. २०१७ च्या सरकारी नियमानुसार सहवैमानिकाला सहा महिने आणि कमांडरला वर्षभर आधी नोटीस द्यावी लागते. कारखान्याच्या व्यवस्थापकाला असली अट कोणी घालत नाही. २०२५ मध्ये तर परदेशी कंपन्या आमचे वैमानिक पळवतात अशी तक्रार घेऊन भारत सरकार आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेकडे गेले. वैमानिक पळवले जात नाहीत, ते जातात. जिथे विश्रांती मिळते आणि कामाचे दाम मिळतात तिथे. महासंचालनालयाला खरोखर कोणाला शिस्त लावायची असेल, तर अशी सूट पुन्हा एक दिवसही देऊ नये, आणि वर्षभराच्या नोटिशीची ती अटही रद्द करावी.