अ‍ॅपवर १२० दिसतंय, पण बाळाचे ठोके खरंच १२० आहेत का?

'घरबसल्या बाळाचे ठोके ऐका' म्हणणारी छोटी डॉप्लर यंत्रं आता ऑनलाइन सहज मिळतात. पोटावर यंत्र टेकवलं, स्क्रीनवर आकडा आला की घरचे निश्चिंत. पण बाळाचं हृदय प्रमाणाबाहेर जोरात पळत असेल, तर नेमका हाच आकडा चकवू शकतो.

पोटातल्या बाळाचे ठोके साधारण मिनिटाला ११० ते १६० असतात. काही बाळांच्या हृदयात विजेचा संदेश एका चक्रात अडकून गोल गोल फिरत राहतो आणि वेग २२० ते २६० पर्यंत जातो. याला एसव्हीटी म्हणतात. हे लांबलं तर हृदय थकतं, बाळाच्या अंगात पाणी साचू लागतं.

आकडा कुठे चुकतो?

डॉप्लर ध्वनिलहरी आत पाठवतं. हलत्या हृदयावर आपटून परत येताना त्यांची वारंवारता बदलते. या सिग्नलमध्ये तोच पॅटर्न किती वेळाने पुन्हा येतो, त्यावरून सॉफ्टवेअर ठोक्यांचा अंदाज काढतं. ठोके फार जलद असले, तर ते दोन ठोके मिळून एक धरू शकतं. म्हणजे खरे २४०, स्क्रीनवर १२०. एकदम 'नॉर्मल'! कधी तर यंत्र आईचीच नाडी पकडतं.

हॉस्पिटलच्या मशीनलाही ही अडचण येते. फरक एवढाच, की तिथे शंका आली तर सोनोग्राफीत हृदय प्रत्यक्ष बघता येतं. अमेरिकेच्या एफडीएने डिसेंबर २०१४ मध्येच सांगितलं होतं, की डॉप्लर घरी स्वतःहून वापरू नका.

वेळेवर कळणं का महत्त्वाचं?

कारण यावर उपचार आहेत. डिगॉक्सिन, फ्लेकेनाइड किंवा सोटॅलॉलसारखं औषध डॉक्टरांच्या देखरेखीखाली आईला देतात आणि ते वारेतून बाळापर्यंत पोचतं. बऱ्याच बाळांचे ठोके त्याने ताळ्यावर येतात.

जन्मानंतरही हा त्रास होऊ शकतो. तान्हं बाळ बोलून दाखवत नाही. ते दूध पीत नाही, फिकट पडतं, जोरजोरात श्वास घेतं, किरकिरतं. इथे स्मार्टवॉचचा उपयोग नाही. अ‍ॅपल वॉचचं ईसीजी फीचरसुद्धा २२ वर्षांवरच्यांसाठीच आहे.

त्यामुळे नियमित तपासण्या चुकवू नका. बाळाची हालचाल कमी वाटली किंवा तान्ह्यात वरची लक्षणं दिसली, तर अ‍ॅप उघडत बसू नका, थेट हॉस्पिटल गाठा. स्क्रीनवरचा हिरवा आकडा हा सॉफ्टवेअरचा अंदाज आहे, डॉक्टरांचं निदान नाही.