दोन दगडांवर पाय

विद्यार्थी मित्रांनो, सिल्लोड तालुक्यातील अंधारी, भराडी, शिवना अशा कोणत्याही गावात जा. तेथे सरपंच आणि पोलीस पाटील ही दोन पदे तुम्हांला आढळतील. दोघेही गावातलेच. मग एकाच माणसाने दोन्ही कामे केली तर काय बिघडले, असे तुम्ही विचाराल. माझ्या मते पुष्कळ बिघडते.

आधी त्यांची कामे पाहू. सरपंच मते मिळवून निवडून येतो. पाणी, रस्ते, दिवे यांची व्यवस्था ग्रामपंचायत पाहते. पोलीस पाटील निवडून येत नाही. उपविभागीय अधिकारी त्याची नेमणूक करतात. गावात चोरी झाली, भांडण पेटले, रोगाची साथ आली, तर सरकारला वेळेवर खबर देणे हे त्याचे काम.

1948 पर्यंत आपल्या भागावर निजामाचे राज्य होते. तेव्हा शेतसारा गोळा करणारा तो माली पाटील आणि बंदोबस्त पाहणारा तो पोलीस पाटील. 'माल' या शब्दाचा अर्थ तुम्हांला सांगायला नकोच! ही पदे वडिलांकडून मुलाकडे जात. 1967 च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमानंतर ही वंशपरंपरा संपली. आता अर्ज करावा लागतो, परीक्षा द्यावी लागते. पोलीस पाटलाला गावात शेती किंवा दुकान चालवता येते. पण राजकारणात भाग घेता येत नाही. सरपंच व्हायचे असेल, तर आधी हे पद सोडावे लागते.

हा नियम योग्यच आहे. समजा, निवडणुकीत दोन गटांत मारामारी झाली. पोलीस पाटील स्वतःच एका गटाचा पुढारी असेल, तर तो आपल्या माणसांची नावे सांगेल काय? आणि दुसऱ्या गटाबद्दल त्याने खरे सांगितले, तरी लोक त्याला सूडच म्हणतील. मग दुबळ्या माणसाने दाद कोणाकडे मागायची?

कोणी म्हणेल, लहान गावात पुढे येणारी माणसे थोडीच असतात. ते खरे आहे. म्हणूनच कायद्याने शेतीला मनाई केलेली नाही. नांगर धरल्याने कोणी पक्षपाती होत नाही. पण ज्याला मते मागायची आहेत, त्याला सर्वांना सारखे लेखणे कठीण जाते.

मात्र, एक भाऊ सरपंच आणि दुसरा पोलीस पाटील झाला, तर नुसता नियम पुरत नाही. तेथे गावाने जागे राहिले पाहिजे. ग्रामसभेत प्रश्न विचारावेत, तक्रार असेल तर ती लेखी द्यावी.

उर्दूत 'दोन होड्यांत पाय' म्हणतात, मराठीत 'दोन दगडांवर पाय'. अर्थ एकच. मित्रांनो, वयाच्या 21 व्या वर्षी तुम्हांला ग्रामपंचायतीची निवडणूक लढवता येईल आणि 25 व्या वर्षी पोलीस पाटीलपदासाठी अर्ज करता येईल. दोन्ही कामे मानाची आहेत. त्यांपैकी एकच निवडा आणि ते चोख करा.