सात आसनांचा हिशेब

मोडनिंबहून एका भगिनींचे पत्र आले आहे. घरात सात माणसे आहेत : सासूबाई, मामंजी, त्या स्वतः आणि पती, अविवाहित दीर आणि दोन मुले. किराणा-भुसाराचे दुकान आहे. दारात पाच आसनी लहान गाडी आहे. ती विकून सात आसनी मोठी गाडी घ्यावी, असे पतींचे म्हणणे आहे. एवढी रक्कम गाडीत अडकवण्याऐवजी दुकानात फिरती राहू द्यावी, असे मामंजींचे मत आहे. पत्राच्या शेवटी त्या लिहितात की, घरात हा विषय महिनाभर चालू आहे. मला कोणी विचारलेले नाही. पण आपण तरी सांगावे, आमच्यासारख्यांना अशी गाडी खरोखर लागते का?

हा प्रश्न एकट्या मोडनिंबचा नाही. टेंभुर्णी, कुर्डुवाडी, बार्शी, अकलूज अशा बाजारपेठेच्या गावांतून आपल्या अनेक घरांत तो उभा आहे. लग्नसराई आली, सिद्धक्षेत्राची यात्रा ठरली, की तो नव्याने निघतो. म्हणून त्या भगिनींना खासगी उत्तर न पाठवता येथेच सविस्तर लिहीत आहे.

मोडनिंबकरांना आपल्या गावाचा एक जुना धडा आठवावा. १९०६ साली बार्शी लाइट रेल्वेचा अडीच फुटी रूळमार्ग कुर्डुवाडीहून पंढरपूरला पोचला आणि मोडनिंब हे त्यावरचे एक स्थानक झाले. आज तो मार्ग रुंद झाला आहे. त्या लहानशा गाडीने प्रवास करणाऱ्या घराला आपण किती जण, हा प्रश्न कधी पडला नसेल. चार जण निघाले तर चार तिकिटे, अकरा निघाले तर अकरा. लागतील तेवढी आसने त्या दिवसापुरती घ्यायची, ही ती रीत. आज आपण आसने कायमची विकत घेतो आणि मग ती भरण्याची चिंता वाहतो.

याच बार्शी लाइटच्या कामातून सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांच्या कंत्राटदारीला प्रारंभ झाला. पिढीजात पेढीचा व्यवहार मागे ठेवून बाहेर पडलेल्या या जैन गृहस्थांनी पुढे १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली आणि १९४७ पासून कुर्ल्याच्या कारखान्यातून मोटारी बाहेर पडू लागल्या. त्या कारखान्याच्या फियाट आणि पुढे पद्मिनी गाड्या आपल्यापैकी ज्येष्ठांना चांगल्या आठवत असतील. गिअरचा दांडा सुकाणूपाशी आणि पुढचे आसन सलग बाकासारखे असल्यामुळे पुढे तिघे सहज बसत. मागे किती बसत, ते येथे न लिहिलेले बरे! सांगायचे इतकेच की, मोटारगाडीशी आपल्या समाजाचे वैर कधीच नव्हते. उलट या देशात ती बनवण्याच्या कामात आपला माणूस आघाडीवर होता. गाडी असावी की नसावी, हा वाद येथे नाही. किती असावी, एवढाच प्रश्न आहे.

आणि ‘किती’ हा प्रश्न आला की श्रावकाला शास्त्राकडे वळावेच लागते. आपली समजूत अशी असते की, परिग्रह म्हणजे सोने, जमीन, रोकड. पण वट्टकेराचार्यांच्या मूलाचारात बाह्य परिग्रहाचे जे दहा प्रकार सांगितले आहेत, त्यांत शेत, घर, धन, धान्य यांच्या पंक्तीला ‘यान’ हा स्वतंत्र प्रकार आहे. वाहनाची गणना प्राचीन आचार्यांनीच करून ठेवली आहे. समंतभद्राचार्यांचे रत्नकरंड श्रावकाचार तर याहून पुढे जाते. परिग्रहपरिमाण व्रताचे जे पाच अतिचार तेथे सांगितले आहेत, त्यांतला पहिलाच आहे अतिवाहन आणि शेवटचा आहे अतिभारवहन. टीकाकारांनी अतिवाहनाचा अर्थ, बैलांना सुखाने जाववेल त्याहून दूर लोभाने हाकणे, असा केला आहे. प्रयोजनापेक्षा अधिक वाहने बाळगणे, असाही अर्थ पुढच्या विवेचनांत आढळतो. अतिभारवहन म्हणजे पेलेल त्याहून जास्त ओझे लादणे. मला या जोडीचे नेहमी कौतुक वाटते. नको तेवढे वाहन ठेवणे हाही दोष आणि पाच आसनी गाडीत आठ जण कोंबणे हाही दोष. दोन्ही बाजूंनी कान धरलेला आहे.

आता हिशेब. व्यापाऱ्याच्या घरात तो गाडी घेण्यापूर्वी व्हावा. पण होतो बहुधा गाडी आल्यावर. खालचे आकडे केवळ उदाहरणादाखल धरले आहेत. प्रत्येकाने आपल्या गावचे आणि आपल्या बँकेचे आकडे घालावेत.

समजा, लहान गाडी आठ लाखांची आणि मोठी तेरा लाखांची. फरक पाच लाखांचा. बँकेचा दर नऊ टक्के धरला तर या पाच लाखांवर वर्षाला ४५,००० रुपये व्याज होते. कर्ज न काढता रोख दिली तरी हे व्याज सुटत नाही. तीच रक्कम मालात फिरली असती तर काय मिळाले असते, हे मामंजींना अचूक ठाऊक आहे. आठ वर्षांनी या जादा पाच लाखांतले दोन लाख परत मिळतील असे धरले, तर घसारा वर्षाला ३७,५०० रुपये. वर्षाकाठी १२,००० किलोमीटर फिरणे आहे. लहान गाडी लिटरला १८ किलोमीटर जाते, मोठी १४. तर मोठीला सुमारे १९० लिटर पेट्रोल अधिक लागेल. १०५ रुपये भावाने ते होतात २०,००० रुपये. विमा आणि टायर यांचा जादा खर्च सोडून दिला, तरी मोठेपणाची किंमत वर्षाला १,०२,५०० रुपये आली.

दुसऱ्या बाजूला भाडे. दिवसभराचा ३०० किलोमीटरचा प्रवास, किलोमीटरला १६ रुपये दर आणि चालकाचा ५०० रुपये भत्ता, म्हणजे ५,३०० रुपये. स्वतःच्या मोठ्या गाडीनेही त्या दिवशी २,२५० रुपयांचे पेट्रोल लागलेच असते. भाड्याचा खरा जादा भार ३,०५० रुपये. म्हणजे सहा-सात जणांनी मिळून केलेले असे प्रवास वर्षाला ३३-३४ झाले, तरच मोठी गाडी परवडली असे म्हणता येईल. महिन्याला जवळजवळ तीन! दुकान आठवड्यातून सहा दिवस उघडे असणाऱ्या घरात हे शक्य आहे का, याचे उत्तर वाचकांनीच द्यावे.

करासंबंधी दोन शब्द, कारण आपल्यातील पुष्कळांचा येथे गैरसमज आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरपर्यंत लांबीच्या आणि ठरावीक इंजिनक्षमतेच्या लहान गाड्यांवर १८ टक्के जीएसटी आहे, त्याहून मोठ्या गाड्यांवर ४० टक्के. बहुतेक सात आसनी गाड्या चार मीटरहून लांब असतात. गाडी पेढीच्या नावावर घेतली की हा कर वजा मिळतो, असे सांगणारे भेटतात. ते खरे नाही. चालकासह तेरापर्यंत आसनांच्या प्रवासी वाहनावर सामान्य व्यापाऱ्याला इनपुट क्रेडिट मिळत नाही. गाड्यांची विक्री, प्रवासी वाहतूक किंवा वाहनप्रशिक्षण हाच धंदा असेल तर गोष्ट वेगळी. प्राप्तिकरात घसारा मिळतो, तोही धंद्यासाठी जेवढा वापर तेवढाच.

मात्र टोलचा मुद्दा मोठ्या गाडीच्या बाजूचा आहे, तो प्रामाणिकपणे नोंदवतो. वरवडे आणि सावळेश्वर या नाक्यांवर लहान मोटार आणि सात आसनी मोटार एकाच वर्गात मोडतात. सात जणांसाठी दोन गाड्या काढल्या की टोलही दुप्पट आणि पेट्रोलही दुप्पट.

पैशांखेरीज दुसरी एक बाब आहे आणि आपल्या घरांसाठी ती अधिक महत्त्वाची आहे. आपण प्रवासाला केवळ माणसे नेत नाही. सूर्यास्तापूर्वी जेवण व्हावे, बाहेरचे खाणे टाळावे, म्हणून डब्यांची पिशवी असते, गाळलेल्या पाण्याचे कॅन असतात, गाळण्याचे फडके असते. कुंथलगिरीला मुक्काम असेल तर अंथरूण-पांघरूण असते. मुनिसंघाच्या विहारात चौका लावण्यासाठी जाणाऱ्या घरांना तर शेगडी, भांडी आणि शुद्ध धान्य एवढे सगळे न्यावे लागते. अनेक सात आसनी गाड्यांत तिसरी रांग उघडली की डिकी जवळजवळ संपते. सीएनजीची टाकी मागे असेल तर उरलेली जागाही जाते. म्हणजे सात जण बसले की डबे मांडीवर आणि डबे ठेवले की माणसे पाच. शोरूममधील विक्रेता तिसरी रांगही दाखवतो आणि प्रशस्त डिकीही दाखवतो. दोन्ही एकाच वेळी दाखवायला त्याला सांगावे.

तिसऱ्या रांगेत बसणार कोण, हेही पाहिले पाहिजे. मधले आसन दुमडून, कमरेत वाकून, एक पाय उचलून आत शिरावे लागते. गुडघे दुखणाऱ्या सासूबाईंना ते जमणार नाही. मागच्या चाकांवर किंवा त्यांच्याही मागे बसल्यामुळे हिसके अधिक लागतात, म्हणून ज्या मुलांना गाडी लागते त्यांचे हाल होतात. मागून धडक बसली तर त्या रांगेमागे फार थोडी जागा असते. तेथे बसणाऱ्यांनी पट्टे लावलेच पाहिजेत. मागे बसले म्हणून पट्ट्याची गरज नाही, ही समजूत घातक आहे.

येथवर वाचून मामंजींचा पक्ष जिंकला, असे वाटेल. पण त्या भगिनींच्या पत्रातले एक वाक्य मी अजून सांगितलेले नाही. त्यांनी ते जाता जाता लिहिले आहे. गेल्या दोन वर्षांत घरची मंडळी तीनदा यात्रेला गेली आणि तिन्ही वेळा त्या घरी राहिल्या. तक्रार नाही, गाडीत जागा नव्हती, एवढेच.

हा खर्च वरच्या हिशेबात कोठेच आलेला नाही. पाच आसनांच्या घरात सात माणसे असली की कोणीतरी मागे राहणारच. पाळीपाळीने राहिले तर त्यात वावगे काही नाही. परंतु आपल्या घरांत पाळी कोणावर येते? एक तर सुनेवर, नाही तर विधवा आत्याबाईंवर, नाही तर ज्यांना सांभाळून न्यावे लागते अशा वृद्धांवर. तेच नाव पुन्हा पुन्हा येते आणि ते कोणाच्या लक्षातही येत नाही, कारण त्या व्यक्तीने स्वतःच ‘तुम्ही जाऊन या’ असे म्हटलेले असते. अनाग्रहाचे कौतुक करावे. पण त्याचा आधार घेऊन एकाच माणसाला वर्षानुवर्षे उंबऱ्याच्या आत ठेवू नये. पाच लाखांच्या व्याजाहून ही बाब मला गंभीर वाटते. तरीही तिचा उपाय मोठी गाडीच आहे, असे मात्र नाही. ज्या घरात सुनेला जागा ठेवण्याची सवय नाही, त्या घरात सात आसने आली तरी सहाव्या-सातव्या जागी शेजारचे पाहुणे बसतील.

म्हणून माझी सूचना दुकानदाराला साजेशी आहे. रोजमेळाच्या वहीत सहा महिने गाडीचे एक पान ठेवावे. प्रत्येक प्रवासाला एक ओळ : तारीख, ठिकाण, किती जण गेले, आणि चौथ्या रकान्यात कोण घरी राहिले व का. पहिल्या तीन रकान्यांवरून गाडी किती मोठी हवी ते कळेल. बहुतेक ओळी कुर्डुवाडी स्थानक, सोलापूरचा घाऊक बाजार, पंढरपूर, दवाखाना अशाच असतील आणि माणसे दोन किंवा तीन. चौथा रकाना सूनबाईंनी भरावा. त्यात एकच नाव तीन-चारदा आले, तर पुढच्या यात्रेला भाड्याची मोठी गाडी ठरवावी आणि त्या नावापासून जागा वाटायला सुरुवात करावी. सहा महिन्यांत अशी गाडी पंधरा-वीस वेळा ठरवावी लागली, तर खुशाल विकत घ्यावी. घरात चाकाच्या खुर्चीवरचे कोणी असेल किंवा आठवड्यातून दोनदा वृद्धांना उपचारांसाठी न्यावे लागत असेल, तर सहा महिनेही थांबू नये. तेथे उंच छताची, रुंद दाराची गाडी ही गरजच आहे आणि ती परिमाणात बसते.

भाड्याची गाडी घेताना पिवळ्या पाटीचीच घ्यावी. ओळखीच्या माणसाची पांढऱ्या पाटीची गाडी ‘पेट्रोल आणि वर थोडे’ अशा बोलीवर नेण्याची पद्धत सर्रास आहे. खासगी गाडी भाड्याने वापरल्याचे दिसले, तर अपघातानंतर विमा कंपनी दावा नाकारू शकते. दोन-तीन भावांनी मिळून एक मोठी गाडी ठेवणे हा आणखी एक चांगला मार्ग आहे. मात्र खर्चाची वही पहिल्या दिवसापासून वेगळी असावी आणि दसरा-दिवाळीला गाडी कोणाकडे, हे आधीच लिहून ठेवावे. भावाभावांचे मोठे वाद बहुधा अशा लहान गोष्टींतूनच उगवतात.

आणि एवढे करूनही मोठी गाडी घ्यायचे ठरलेच, तर चाचणीसाठी यजमानांनी एकट्याने जाऊ नये. सातही जणांना न्यावे, डब्यांची पिशवी आणि पाण्याचा कॅन बरोबर घ्यावा. मोडनिंबहून वरवड्याच्या नाक्यापर्यंत जाऊन परत यावे. जाताना सासूबाईंना मधल्या रांगेत चढता-उतरता येते का ते पाहावे, सूनबाईंना खिडकी द्यावी आणि तिसऱ्या रांगेत यजमानांनी स्वतः बसावे.