दोनच तिकिटं

मराठी नवरा-बायको नाटकाला जोडीने जातात. लग्नामुंजींना जातात, आणि 'प्रदर्शन व विक्री' असा फलक दिसला की तिथे तर हमखास जातात. संग्रहालयात मात्र पाऊल पडतं ते पाहुणे आले म्हणून, नाहीतर मुलांना शाळेने प्रकल्प दिला म्हणून. आपल्याच गावातल्या संग्रहालयात काही निमित्त नसताना फक्त दोघं गेली, असं इतकं क्वचित घडतं की तिकीट फाडणारा माणूसही मागे कुणी आहे का ते वाकून बघतो आणि विचारतो, 'दोनच?'

याला थोडे आम्ही दिवाळी अंकवालेही जबाबदार आहोत. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी घरात साहित्याबरोबर चित्रही येऊ लागलं. पुढे दीनानाथ दलालांच्या मुखपृष्ठांनी तर दिवाणखान्याची भिंतच काबीज केली; अंक वाचून झाला की वरचं पान कापून चौकटीत जायचं. चित्र असं टपालाने घरपोच येत असताना ते बघायला बाहेर कशाला पडायचं? ही सवय गोड खरी, पण तिच्यामुळे चित्रासमोर उभं राहण्याची सवय मागे पडली असा आमचा संशय आहे. म्हणून यंदाच्या अंकात सहलींवरचे लेख मागवताना एकच अट घातली होती: विमान नको, पॅकेज नको, दोन माणसांना सकाळी ठरवून संध्याकाळपर्यंत उरकता येईल असं काहीतरी हवं.

उदाहरण पुण्याचंच घेऊ. शुक्रवार पेठेतलं राजा दिनकर केळकर संग्रहालय सगळ्यांना माहीत असतं आणि पुण्यातल्या पुष्कळांचं बघायचं राहिलेलं असतं. चष्म्यांच्या घरच्या धंद्यात असलेले कवी 'अज्ञातवासी', म्हणजे दिनकर गंगाधर केळकर, १९२०च्या सुमारास जुन्या वस्तू जमवू लागले. अकाली गेलेल्या मुलाचं, राजाचं नाव त्यांनी संग्रहाला दिलं आणि १९७५ साली सगळा संग्रह राज्य सरकारच्या स्वाधीन केला. वस्तू वीस हजारांच्या आसपास. मांडलेल्या त्यातल्या थोड्याच. या उद्योगात पत्नी कमलाबाई बरोबरीने होत्या. दिवे, अडकित्ते, फण्या, कुंकवाचे करंडे, दौती या गोष्टी राजवाड्यातल्या कमी आणि माजघरातल्या जास्त. माजघरातली वस्तू हाती लागायची तर तिथे सहज वावरणारं माणूस बरोबर लागतं. म्हणून हा संग्रह एका नवरा-बायकोने मिळून केलेला आहे हे आम्हाला फार महत्त्वाचं वाटतं.

तिथल्या वज्र्या नीट बघा. टाचा घासायची ही पितळेची वस्तू, जेमतेम मुठीत मावेल एवढी. वर धरायला मोर नाहीतर पोपट, आणि तळाला खरबरीत नक्षी, जी मळ काढायचं काम करायची. भेगाळलेल्या टाचेसाठी मोर! त्या कपाटापाशी साठीतलं एक जोडपं बराच वेळ उभं होतं. "अहो, अश्शी आमच्या आजीकडे होती." "मग गेली कुठे?" "मोडीत घातली. स्टीलचे डबे घेतले." गृहस्थांनी काचेला नाक लावून पुन्हा एकदा पाहिलं. "किती आले डबे?" बाईंनी खरंच आठवून सांगितलं, "तीन. एक अजून आहे, रव्याचा." तीस-पस्तीस वर्षांच्या संसारात रव्याच्या डब्याचं कुळ-मूळ बहुधा त्या दिवशी पहिल्यांदा निघालं असावं. हे घरी बसून निघत नाही. घरी बोलणं गॅसच्या नंबरावरून सुरू होतं आणि औषधाच्या गोळीवर संपतं.

नाटकात ही सोय नाही. तिथे दोघांची तोंडं एकाच दिशेला, वेळ नाटकवाल्याने ठरवलेला, आणि बोलायचं ते मध्यंतरात, बटाटेवड्याच्या रांगेत. संग्रहालयात ज्याची त्याची चाल वेगळी असते आणि ती लपत नाही. एकाला प्रत्येक पाटी वाचायची असते. दुसरं माणूस तेवढ्यात तीन दालनं संपवून बाकावर बसलेलं असतं. पहिल्या खेपेला यावरून हमखास कुरबूर होते. आमचं मत असं की संग्रहालयात हातात हात घालून फिरूच नये. खुशाल वेगवेगळं फिरावं, आणि मग एकमेकांना हाताला धरून एकेका वस्तूपाशी न्यावं: 'हे तू बघितलंस का?' बायको नवऱ्याला पैठणीपाशी नेईल आणि नवरा बायकोला तोफेपाशी, अशी अटकळ बांधून आम्ही काही जणांना विचारलं. अटकळ साफ चुकली. तोफा, कुलपं आणि गुप्त कप्प्यांच्या पेट्या बायकांनाच जास्त लक्षात राहिल्या होत्या.

सातारा जिल्ह्यातलं औंध हे या खेळाचं खरं मैदान. यमाईच्या डोंगराच्या वाटेवर, छोट्याशा संस्थानाच्या राजाने, बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी, १९३८ साली श्री भवानी वस्तुसंग्रहालय उभं केलं. राजा स्वतः चित्रकार; 'चित्र रामायण' त्याच्या हातचं. सूर्यनमस्काराचा प्रचारक म्हणून लोक त्याला ओळखतात, पण त्याची पारख इथे दिसते. राजा रविवर्म्याची मूळ तैलचित्रं आहेत, धुरंधरांची चित्रं आहेत. कॅलेंडरावर आणि आजोळच्या भिंतीवर पाहिलेला रविवर्मा इथे रंगाच्या थरांसकट समोर येतो. साडीचा काठ जवळून नुसते फटकारे असतो आणि दोन पावलं मागे आलं की जर होतो. मागे-पुढे करायला सोबतीला माणूस हवं ते इथे. आणि याच इमारतीत हेन्री मूरचं दगडी शिल्प आहे, आई आणि मूल. यमाईला ओटी भरून खाली उतरलेली माणसं विसाव्या शतकातल्या त्या इंग्रज शिल्पकारासमोर येऊन थांबतात. 'याला नाक-डोळे धड का नाहीत' यावर मतभेद होतात. होऊ द्यावेत. परतीच्या एसटीत साताऱ्यापर्यंत पुरतात.

सावंतवाडीची गोष्ट पुन्हा एका जोडप्याची. संस्थानं गेल्यानंतर गंजिफाचे पत्ते रंगवणारा हात जवळजवळ उरला नव्हता. राजे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी या दोघांनी वयोवृद्ध कारागीर पुंडलिक चितारी यांच्याकडून ही कला स्वतः शिकून घेतली आणि सत्तरच्या दशकात राजवाड्यातच तिला काम मिळवून दिलं. दशावतारी गंजिफाचे पत्ते गोल, एकूण १२०; दहा अवतारांचे दहा संच, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दहापर्यंत दहा पत्ते. पूर्वीच्या दरबाराच्या जागेत कारागीर बसून रंगवताना दिसतात, त्यांच्या बाजूला उभं राहून बघता येतं. माशाच्या अवताराचे खवले भरताना ब्रश किती कमी हलतो, ते बघण्यासारखं आहे.

कोल्हापूरच्या टाउन हॉलमधला ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेला ब्राँझचा ग्रीक सागरदेव, सासवण्याला शिल्पकार वि. पां. करमरकरांच्या राहत्या घरात मांडलेली त्यांची शिल्पं (मांडव्याच्या बोटीने गेलं तर मुंबईकरांचा एक दिवस सार्थकी लागतो), गोव्यात पिळर्णचं म्युझियम ऑफ गोवा: या सगळ्यांविषयी आत वाचायला मिळेलच.

मुंबईची अडचण निराळी. एका खोलीतल्या संसारातल्या माणसांना दोघांनी बसायला जागा म्हणजे समुद्राची भिंत, तीही शिट्टी वाजेपर्यंत. अशा शहरात १९५२पासून जहांगीर आर्ट गॅलरीचं दार फुकट उघडं आहे. आतलं समोवार हे उपाहारगृह २०१५ साली बंद झालं आणि चहाच्या एका कपावर दुपार काढायची सोय गेली. पण चित्रं आहेत, सावली आहे, आणि कुणी 'इथे का उभे आहात' असं विचारत नाही. चित्रासमोर उभं असलेल्या जोडप्याला हटकणारा पहारेकरी आम्ही अजून पाहिलेला नाही.

आता थोडी तक्रार. जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका संग्रहालयात आम्ही दोघं शिरलो तर दिवे बंद. 'माणसं आली की लावतो,' असं उत्तर मिळालं. आम्ही कोण होतो ते कळलं नाही. पाट्यांवर 'मूर्ती, दगड, अंदाजे मध्ययुगीन' एवढाच मजकूर. बसायला बाक नाही, पाणी प्यायला फाटकाबाहेर जा. सरकारने मोठी दालनं जरूर बांधावीत, पण आधी आहे त्या प्रत्येक संग्रहालयात दोन माणसांना टेकता येईल असं एक बाकडं आणि टपरीएवढी चहाची जागा द्यावी. आमचा अंदाज, येणारी माणसं तेवढ्यानेच वाढतील, आणि आलेली जास्त वेळ थांबतील.

आणि अभिप्रायाच्या वहीत 'खूप छान माहिती मिळाली' असं लिहून खाली 'श्री. व सौ.' अशी एकच सही ठोकणं तेवढं बंद करावं. पेन सौंनाही द्यावं. मतं क्वचितच जुळतात, आणि वही चाळणाऱ्या पुढच्या माणसाला तीच वाचायला मजा येते.