आधी मडगार्डच्या आत बघा!

३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यांवरून काळी-पिवळी प्रीमियर पद्मिनी गेली. टॅक्सीची वीस वर्षांची मुदत संपली, विषय संपला. तेव्हा कितीतरी जणांनी हळहळीचे स्टेटस ठेवले. छान. पण आपल्या पाचोऱ्यासारख्या तालुक्याच्या गावात आजोबांची पद्मिनी एखाद्या पत्र्याच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी असेल, तर तिचं काय? घरात लग्न निघालं की ती बाहेर येते. बॉनेटला पॉलिश, बंपरवर फडकं, की झाली रील तयार! चाकाच्या वर, मडगार्डच्या आत मात्र कुणी हात घालत नाही. आणि गाडी टिकणार की भंगारात जाणार, हे माझ्या मते तिथेच ठरतं.

फियाट ११०० वरून कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेल्या या गाडीला ट्रकसारखी वेगळी चॅसिस नाही. पत्र्याची बॉडी हाच तिचा सांगाडा. त्यामुळे चाकावरचा आतला पत्रा सडला की नुसती शोभा जात नाही, गाडीचा आधारच जातो. त्यात आपली काळी माती! पाणी धरून ठेवते म्हणून कपाशीला वरदान, आणि नेमकी म्हणूनच पत्र्याची वैरीण. हेडलाइटच्या मागच्या खाचेत ती बसली की वरून सुकलेली दिसते, आत ओल तशीच. बाहेरचा रंग फुगेपर्यंत पत्रा आतून खाल्लेला असतो.

काम अवघड नाही, कंटाळवाणं आहे. सपाट जागा, जॅकखेरीज भक्कम स्टँड (नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली डोकं घालायचं नाही, भावा), मग चाक काढायचं. प्रेशरचा पाइप लगेच मारू नका, चिखल सांध्यांत आणखी आत जातो. पाणी शिंपडून अर्धा तास माती भिजू द्या. मग लाकडी पट्टीने खरवडा, दुमडींसाठी जुना टूथब्रश घ्या. पाणी निचरायची भोकं मोकळी करा. एक दिवस कडक ऊन दाखवा, त्यानंतरच गंजरोधक. ओल्या मातीवर काळा रंग फासणं म्हणजे ओल आत कोंडणं. आणि खालून डिझेल मारायची ती जुनी सवय सोडाच. चकाकी दोन दिवसांची, पण रबरी बुश खराब होतात आणि धूळ दुप्पट चिकटते.

“गॅरेजवाला लांबी भरून रंग मारून देईल की!” देईल ना. पण लांबीने भोक झाकतं, वजन पेलत नाही. शिवाय २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांवरच्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी होऊ शकते, पण तिचं इंजिन, चॅसिस, बॉडी मूळ रूपात असेल तरच. पद्मिनी हे नाव आलं १९७४ मध्ये. म्हणजे पहिल्या गाड्यांची पन्नाशी उलटलीसुद्धा.

पावसाळ्यात चिखलातून फिरवली असेल, तर दिवाळीच्या साफसफाईत तिचाही नंबर लावा. मातीचं ढेकूळ निघालं की खालचा पत्रा स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून बघा. टणक वाजला तर वेळ आहे. भुसभुशीत वाजून पापुद्रे गळले, तर आधी वेल्डिंगवाला गाठा, फोटोग्राफर नंतर.