गडनदीकाठचे तीन गड

ऑनसाईटहून परत आलेला मित्र हा एक वेगळाच प्रकार असतो. माझा एक मित्र दीड वर्ष माद्रिदला राहून आला आणि तेव्हापासून त्याच्या प्रत्येक वाक्यात एक तरी किल्ला आणि एक तरी वाईनची बाटली असते. द्वेरो नदीच्या खोऱ्यात पेन्याफिएल नावाचं गाव आहे म्हणे. गावामागच्या अरुंद टेकडीवर जहाजासारखा लांबलचक किल्ला आणि त्या किल्ल्याच्या पोटात १९९९ पासून चक्क वाईनचं म्युझियम! खाली द्राक्षांचे मळे. शनिवारी निघायचं, किल्ला बघायचा, वर घोटभर चाखायचं, खाली गावात भट्टीत भाजलेलं कोकरू हाणायचं आणि रात्री घरी. हे सगळं सांगून झालं की त्याचं शेवटचं वाक्य ठरलेलं, "आपल्याकडे असं काही नाही यार!"

हे तो एकदा ऑफिसच्या कॅण्टीनमध्ये म्हणाला आणि समोर बसलेली आमची एक मैत्रीण भडकली. तिचं गाव कसाल, जिल्हा सिंधुदुर्ग. तिनं तिथल्या तिथं कोकणकन्येची चार तिकिटं काढली. तिला म्हणे त्याचं तोंड बंद करायचं होतं. मला काय, मला फुकटचा वीकएण्ड मिळाला.

कसाल तुम्ही पाहिलंय, फक्त तुम्हाला ते आठवत नाही. मुंबई-गोवा हायवेवर कणकवली सोडून थोडं पुढे गेलात की मालवणचा फाटा लागतो, तेच कसाल. हायवे पूर्वी एनएच १७ होता, आता ६६ झालाय, चांगला चौपदरी झालाय. पब्लिक इथं उजवीकडे वळतं ते थेट तीसेक किलोमीटरवर समुद्र दिसेपर्यंत थांबत नाही. तारकर्ली, स्कूबा, सिंधुदुर्ग किल्ला, कोंबडी-वडे, परत. अख्ख्या प्लॅनमध्ये कसालचं काम एवढंच, चहा प्यायचा आणि 'मालवण अजून किती?' विचारायचं.

आम्ही मुक्कामच कसालला ठोकला, मैत्रिणीच्या काकीकडे. काकीला प्लॅन सांगितला तर ती घावणे घालता घालता म्हणाली, "रामगडार? थंय काय बघतलात? दगड आसत नुसते!" मित्रानं माझ्याकडे विजयी मुद्रेनं पाहिलं.

रामगड आहे कणकवली-आचरा रस्त्यावर, गडनदीच्या उजव्या काठाला. गाडी गावात लावायची आणि चालायला लागायचं. दमछाक म्हणावी असा चढ नाही. पाच मिनिटांत झाडी सुरू होते आणि मग अचानक समोर जांभ्या दगडाची तटबंदी उभी राहते. जांभा हा दगड सह्याद्रीतल्या काळ्या कातळासारखा नसतो. तो पावसाळ्यात पाणी पितो, शेवाळतो, त्याच्या भोकांत रोपं रुजतात, आणि शंभर-दोनशे वर्षांनी भिंत कुठं संपते नि झाड कुठं सुरू होतं ते कळेनासं होतं. एका बुरुजाला एका झाडाच्या मुळांनी असं काही कवटाळलं होतं, की मुळं काढली तर बुरूज जाईल आणि ठेवली तरीही जाईल. आत गेलात की एकदम सही चीज आहे. ओळीनं पुरलेल्या तोफा! तोंड जमिनीत, बूड वर, शाळेत शिक्षा झालेल्या पोरांसारख्या. का पुरल्या असं गावात विचारलंत तर तीन माणसं चार उत्तरं देतात.

तिथं आम्ही तासभर होतो. त्या तासात दुसरं कुणी आलं नाही. तिकीट नाही, गाइड नाही, कुरकुऱ्यांची पाकिटं नाहीत, 'राहुल लव्हज नेहा' नाही. मित्र तोफेशी उभा राहून बराच वेळ गप्प होता. मैत्रिणीनं घड्याळ लावून मोजलं, सात मिनिटं.

याच नदीनं पुढं समुद्राकडे निघालात की मसुरे लागतं. मसुऱ्याचं नाव तुम्ही ऐकलंय ते आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेमुळे. जत्रेला लाखो माणसं येतात, पण मसुऱ्याच्या टेकडीवर भरतगड आहे हे त्यातल्या किती जणांना माहीत असतं? या किल्ल्याची स्टोरी मला जाम आवडते. इथं किल्ला बांधावा म्हणून शिवाजी महाराजांनी जागा पाहिली होती, पण पाणी नाही म्हणून बेत सोडला, असं सांगतात. पुढं नदीच्या पलीकडच्या काठावर बावड्याचे पंत अमात्य भगवंतगड उभारायला निघाले आणि अलीकडे वाडीकर फोंड सावंतांना ते काही बघवेना. त्यांनी कातळात खोल विहीर खोदून घेतली आणि १७०१ मध्ये भरतगड पुरा केला. म्हणजे समोरच्या सोसायटीनं जिम बांधली म्हणून आपण स्विमिंग पूल बांधायचा, तसलाच प्रकार. फक्त इथं पूल आधी खणावा लागला. दोन्ही गड एकमेकांकडे डोळे वटारून बघत राहिले आणि १८१८ मध्ये दोन्ही इंग्रजांच्या घशात गेले.

भरतगड आज खासगी मालकीचा आहे. आत आमराई आहे, हापूसची. किल्ल्यात आंबे पिकतात म्हटल्यावर आमचा स्पॅनिश मित्र पहिल्यांदा मनापासून हसला. गंमत बघा, तिघांत सगळ्यात नीट ठेवलेला किल्ला हाच. झाडांना पाणी घालायला, आंबे राखायला रोज माणूस येतो, तटावरची झुडपं काढतो. राखण आंब्यांची आहे, पण तट आपोआप राखला जातो. अर्थात दुसऱ्याच्या बागेत शिरतोय हे विसरायचं नाही. आधी विचारायचं, आणि आंब्याला हात लावायचा नाही.

पलीकडचा भगवंतगड मात्र रानानं गिळलाय. पाच ओळींत सांगण्यासारखंही फार उरलेलं नाही. पण तिथून वाकणारी गडनदी आणि समोरचा भरतगड दिसतो, तेवढ्यासाठी जाच.

दुसऱ्या दिवशी रीतसर सिंधुदुर्ग. त्याला पर्याय नाहीच. कुरटे बेटावर २५ नोव्हेंबर १६६४ ला पायाभरणी झालेला, ४८ एकरांचा, भर समुद्रात गोड्या पाण्याच्या तीन विहिरी बाळगणारा किल्ला. दूधबाव, दहीबाव, साखरबाव ही विहिरींची नावंच किती गोड आहेत! इंग्रजांनी १७६५ मध्ये तो घेतला तेव्हा त्याला 'फोर्ट ऑगस्टस' म्हणायचं ठरवलं. नाव काही टिकलं नाही, पुढच्याच वर्षी तो परतही द्यावा लागला. ११ जुलै २०२५ ला युनेस्कोनं मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले, त्यात सिंधुदुर्ग आहे, विजयदुर्ग आहे. धक्क्यावर होडीसाठी एवढी रांग होती की यादी पोचलीय हे कळत होतं. शेजारच्या राजकोटावरही गर्दी. तिथला पुतळा ४ डिसेंबर २०२३ ला उभा राहिला, २६ ऑगस्ट २०२४ ला कोसळला आणि २०२५ मध्ये नवा उभा राहिला. जे काही घडतं ते समुद्राच्या कडेला घडतं. पंचवीसेक किलोमीटर आत, रामगडावर, ते मूळ तसंच बुरूज आवळत बसलेलं असतं.

मित्रानं होडीत बसल्यावर एक गोष्ट सांगितली, ती मला त्याच्या सगळ्या वाईनपेक्षा कामाची वाटली. स्पेनमध्ये २२ एप्रिल १९४९ ला एक हुकूम निघाला. देशातला कुठलाही किल्ला, कितीही पडका असो, सरकारी संरक्षणाखाली. आणि ज्या गावाच्या हद्दीत तो उभा आहे, त्याचं काही नुकसान झालं तर जबाबदार त्या गावची नगरपालिका. म्हणून तिथले सगळे किल्ले चकाचक आहेत असं नाही, कित्येक ढासळलेलेच आहेत. पण निदान जाब कुणाला विचारायचा ते ठरलेलं आहे. आपल्याकडे यादीतला किल्ला आणि यादीबाहेरचा किल्ला यांच्या नशिबात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. मला विचाराल तर बारांच्या यादीचा आनंद आहेच, पण माझी काळजी तेराव्यापासून पुढची आहे.

आता काकीचं. तिचा मुलगा गोव्यात एका हॉटेलात नोकरी करतो. मागच्या बाजूच्या दोन खोल्या दुरुस्त करून पाहुणे ठेवावेत, गावी परत यावं, असं त्याच्या डोक्यात दोन वर्षं आहे. बँकेचं कर्ज मिळेल, पण हिशेब एका जागी अडतो. तारकर्ली सोडून कसालला कोण राहणार? शेवटच्या रात्री आम्ही जेवताना त्याला फोन लावला आणि तीन किल्ल्यांचा रूट सांगितला. तो म्हणाला, "माका ठाव आसा. पण लोकांका खय ठाव आसा?" काकी म्हणाली, "आणि लोक इले तर थंय कचरो करतले, तेचा काय?" दोघांचंही बरोबर आहे. मी तरीही लिहितेय, कारण न गेल्यानं रामगडचा बुरूज वाचणार नाहीये.

वाईनचा प्रश्न राहिलाच. मार्च-एप्रिलमध्ये गेलात तर रस्त्याच्या दुतर्फा काजू लाल-पिवळा झालेला असतो. बी विकली जाते, बोंडू बरेचदा झाडाखालीच सडतो. सीमेपलीकडे गोव्यात त्याच बोंडूची फेणी होते आणि २००९ पासून तिला भौगोलिक मानांकनही आहे. मित्राला आम्ही फेणीऐवजी सोलकढी पाजली. त्यानं तीन ग्लास घेतले आणि द्वेरोचं नाव काढलं नाही.

जाणार असाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. पावसाळ्यानंतर लगेच गेलात तर रामगडावर गवत कमरेएवढं असतं, पायात बूट आणि हातात काठी हवी. पावसाळ्यात सिंधुदुर्गाच्या होड्या बंद असतात. गाडी नसेल तर कणकवलीला उतरून दिवसभराची रिक्षा ठरवा, घासाघीस आधीच करा. आणि काकीकडे जेवणार असाल तर आदल्या दिवशी कळवा. सोमवारी ती मासे करत नाही.