अंतर कुणाचे मोजायचे?

मुंबईत स्थिरावलेल्या एका जुन्या विद्यार्थ्याचा मध्यंतरी फोन आला. जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनची तयारी चालली होती. "सर, स्वमग्न मुलांच्या संस्थेसाठी धावतोय. किलोमीटरमागे शंभर रुपये द्या." अंतर ४२ किलोमीटर १९५ मीटर, हिशेब सोपा होता. मी पैसे पाठवले. तरीही त्या हिशेबातले काहीतरी सलत राहिले.

माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा स्वमग्न आहे. थेरपीसाठी त्याला घेऊन ती जळकोटहून सोलापूरला जाते. एका वेळचेच अंतर मॅरेथॉनपेक्षा जास्त भरते, परतीचे वेगळे. एसटीचा हॉर्न वाजला की तो कानांवर हात दाबून किंचाळतो आणि शेजारचा प्रवासी तिलाच ऐकवतो, "बाई, पोराला जरा वळण लावा." या अंतराला किलोमीटरमागे रुपया देणारा अद्याप भेटलेला नाही. तिच्या छातीवर क्रमांक नसतो आणि प्रवासाच्या शेवटी टाळ्या नसतात.

मुळात प्रश्न असा, की दान कशाच्या प्रमाणात द्यायचे? मुलाच्या गरजेच्या, की धावणाऱ्याच्या दमण्याच्या? कर्करोगाने पाय गमावलेला टेरी फॉक्स १९८० साली कृत्रिम पायाने कॅनडात रोज जवळपास मॅरेथॉनइतके अंतर धावत होता. तिथे धाव आणि वेदना एकाच देहाची होती. २००४पासून भरणाऱ्या आपल्या मुंबईच्या शर्यतीत बहुधा धावणारा एक असतो आणि सोसणारा दुसराच. छायाचित्र मात्र धावणाऱ्याचे निघते. मूल निमित्तापुरते उरते.

आमच्या भागाला पायांनी काही मागणे नवे नाही. कोजागरीला सोलापुराहून असंख्य भाविक पायी तुळजापूर गाठतात. अंतर साधारण मॅरेथॉनएवढेच. वाटेवरची माणसे त्यांना चहा-फराळ देतात, पण "किती किलोमीटर चाललास?" असे विचारून नव्हे. समोरचा भुकेला आहे, एवढे त्यांना पुरते. देण्याचे हे साधे व्याकरण आपण शहरात जाऊन विसरलो काय?

शिवाय, ज्याची आपण देणगी मागतो ते पुष्कळसे आधीच हक्क म्हणून लिहिले गेले आहे. १९९५च्या अपंगविषयक कायद्याच्या यादीत स्वमग्नता नव्हतीच. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने तिची दखल घेतली आणि २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने तिला २१ प्रकारांत स्थान दिले. किमान ४० टक्के दिव्यांगत्व प्रमाणित झालेल्या ६ ते १८ वयाच्या मुलाला शेजारच्या शाळेत, किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत, मोफत शिक्षण मिळावे असे हा कायदा सांगतो. 'शेजारच्या' हा शब्द मराठीचा अध्यापक म्हणून मी पुन्हा पुन्हा वाचतो. कारण "इतर मुलांना त्रास होतो" असे सांगून माझ्या भाच्याला परत पाठवणारी शाळा शेजारचीच होती. हक्क नाकारला तर जाब विचारता येतो. देणगी आली नाही तर फक्त वाट पाहता येते. दरवर्षी टाळ्यांच्या गजरात हक्काची देणगी होत गेली, तर जाब विचारायची सवयच मोडेल, ही माझी भीती आहे.

मग धावूच नये काय? अवश्य धावावे. त्या पैशातून थेरपिस्टचा पगार निघतो, पालकांची प्रशिक्षणे होतात. खुर्चीत बसून त्याला नाके मुरडणे आम्हा प्राध्यापकांना फार सोपे आहे. पण धावणाऱ्याने संस्थेला एवढे तरी विचारावे, की या पैशातून शिकलेले माणूस महिन्यातून एकदा तालुक्याला येईल काय? जिथे थेरपिस्ट पोहोचत नाही, तिथल्या आईला घरी काय करायचे ते कुणी शिकवील काय? आणि धावण्याला जेवढा वेळ दिला, त्यातला थोडा आपल्या गावच्या शाळेला, आपल्या लोकप्रतिनिधीला एक पत्र लिहिण्यात जाईल काय?

पुढच्या वर्षी त्याचा फोन आला तर पैसे मी पुन्हा देईन. मात्र किलोमीटर मोजायचेच असतील तर त्याने आधी जळकोट ते सोलापूर मोजावे, आणि त्यातले किती कमी झाले ते मला कळवावे.